कपाटाचे दार नंतर, आधी सांगाडा



या सदरासाठी येणारी पत्रे बहुधा हुमणीची, लोकरी माव्याची, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीची असतात. गेल्या महिन्यात मात्र एका भगिनीचे पत्र आले ते स्वयंपाकघरातील कपाटांविषयी. नाव-गाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून छापत नाही. घर विटा-सिमेंटचे, पण जुन्या वाड्याच्या एका भिंतीला लागून उभे केलेले. ओटा आहे, पण त्याखाली नुसती उघडी पोकळी. उसाचे बिल आले आहे आणि त्यातले एक लाख रुपये घरच्यांनी स्वयंपाकघरासाठी बाजूला काढले आहेत. मालकांनी तालुक्याच्या गावी एका दुकानात तयार कपाटांचा चकचकीत संच पाहिला, तो त्यांच्या मनात भरला. सासूबाईंचे म्हणणे, भिंतीत फडताळ आहे ते बास झाले. आणि ज्या बाईंना तिथे दिवसाचे पाच-सहा तास उभे राहायचे, त्यांना काय हवे हे अजून कोणी विचारलेले नाही. त्यांनी आम्हाला विचारले आहे की कपाटे कसली घ्यावीत.

शेतीखात्याच्या माणसाने स्वयंपाकघरात कशाला तोंड घालावे, असे कोणी म्हणेल. पण लाकूड, ओल, वाळवी, भुंगा, उंदीर, धान्य आणि विष ही सगळी आमच्याच ओळखीची मंडळी आहेत, आणि कपाट किती टिकणार हे बरेचसे त्यांच्याच हाती असते.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे, आणि ते दुकानात नव्हे, घरी करायचे. घरातील सगळी भांडी एके दिवशी अंगणात काढावीत आणि त्यांचे तीन ढीग करावेत. रोज लागणारी एका बाजूला : तवा, परात, काथवट, पोळपाट, रोजची पातेली, ताटे-वाट्या, मिसळणाचा डबा, पिठाचा डबा. आठवड्या-पंधरवड्याने लागणारी दुसऱ्या बाजूला. आणि जत्रा, दिवाळी, घरचे कार्य अशा वेळी वर्षातून दोन-चारदा निघणारी मोठी पातेली, हंडे, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या तिसऱ्या बाजूला. हा तिसरा ढीग बहुतेक घरांत सर्वांत मोठा निघतो. त्याच्यासाठी ओट्याजवळची जागा अडवू नये आणि त्याच्यासाठी कपाटही करू नये. तो माळ्यावर जावा. चौथा एक ढीग आपोआप तयार होतो, तो म्हणजे झाकण हरवलेल्या डब्यांचा आणि बूड गेलेल्या भांड्यांचा. त्याचे काय करायचे ते सांगायला नको. एवढे केले की कितीतरी घरांत कपाटांची गरजच तिसऱ्या हिश्श्याने कमी होते.

रोजच्या ढिगाची जागा गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असावी. त्याखालचे काढायला वाकावे लागते, वरचे काढायला पाट घ्यावा लागतो. मग एकेका वस्तूचे माप घ्यावे. भाकरीचा तवा दांड्यासकट किती लांब, परात किती रुंद, हे लिहून ठेवावे. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा साधारण सव्वानऊ इंच रुंद आणि चौदा इंच उंच असतो. सुताराने आपल्या सवयीने बारा इंचांचा कप्पा केला, की तो डबा कायमचा जमिनीवर राहिला आणि त्याच्याभोवती तेलाचे कडे उमटले म्हणून समजा. वर्षाचे धान्य मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या हिशेबात धरू नये. ते कोठीत किंवा वेगळ्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर आणि फळीवर. स्वयंपाकघरात पंधरा दिवसांचे असले की पुरे.

ओट्याची उंचीही याच वेळी तपासावी, कारण खालचे कपाट एकदा झाले की ओटा हलत नाही. उभे राहून हात कोपरात दुमडावा, जमिनीपासून कोपरापर्यंतचे माप घ्यावे आणि त्यातून चार इंच वजा करावेत. पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर साधारण ३७ ते ३८ इंचांवर येतो, म्हणजे तिला ३३ ते ३४ इंचांचा ओटा सोयीचा. कणीक मळायला आणि भाकरी थापायला याहून दोन-तीन इंच खाली बरे पडते, कारण तिथे हाताचाच नव्हे, अंगाचा भार द्यावा लागतो. जागा असेल तर ओट्याचा दोन फुटांचा तुकडा मुद्दाम खाली घ्यावा. ज्या घरात अजून खाली बसूनच भाकरी थापतात, तिथे बसायची मोकळी जागा कपाटाने खाऊ नये. आणि हे माप ओट्यापाशी रोज उभी राहणारीचे घ्यावे. गवंडी पुष्कळदा घरच्या मालकाला उभे करून विचारतो, आणि मालक मान डोलावून मोकळे होतात.

आता दुकानातल्या त्या संचाकडे वळू. तो दिसायला छान असतो, यात शंका नाही, आणि आपले स्वयंपाकघर छान दिसावे असे बाईला वाटले तर त्यात काही वावगे नाही. प्रश्न त्या गुळगुळीत पत्र्याखाली काय आहे हा आहे. मध्यम किमतीच्या तयार संचात बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड असतो. लाकडाच्या ढलप्या आणि भुसा यांना चिकट द्रव्य लावून, दाबून ही फळी करतात आणि वरून रंगीत कागदी थर चढवतात. कोरड्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाला ती चालते. पण पाण्याशी तिचे वैर आहे. कडेची पट्टी जरा सुटली, तिथून ओल शिरली, की आतला भुसा फुगतो आणि तो पुन्हा कधी बसत नाही. पेंड भिजवल्यावर फुगते तसेच हे. फुगलेल्या जागी स्क्रू धरत नाही, स्क्रू सुटला की बिजागरी हलते, आणि दार लोंबायला लागते. वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरे काय! आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत किती दमटपणा असतो हे ज्याचे कपडे चार दिवस वाळत नाहीत त्याला सांगायला नको. त्यात फरशी धुवायची आपली रीत बादलीभर पाणी ओतण्याची. एमडीएफ म्हणून जी फळी मिळते ती अधिक बारीक लगद्याची आणि गुळगुळीत असते, पण साधी एमडीएफ पाण्याच्या बाबतीत तिचीच बहीण.

२०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. पाणी ओसरल्यावर पिकांच्या पंचनाम्यासाठी फिरताना घरांपुढे फुगलेल्या, उललेल्या फळ्यांचे ढीग पाहिले. त्याच घरांत कडप्प्याचे कप्पे होते ते बायकांनी चिखल धुऊन दोन दिवसांत पुन्हा वापरात आणले. पूर सगळीकडे येत नाही हे खरे. पण सिंकखालचा नळ गळणे, पिंप कलंडणे हा छोटा पूर घरोघरी वर्षातून चार वेळा येतोच.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ओट्याखाली, जिथे पाणी आणि वजन दोन्ही असते तिथे, सांगाडा दगडाचा करावा. कडप्पा हा आंध्र प्रदेशातील कडप्पा भागातून येणारा काळसर चुनखडीचा दगड. तालुक्याच्या कोणत्याही फरशीवाल्याकडे मिळतो, गावातला गवंडी बसवू शकतो, आणि वाळवीचे त्याच्यापुढे काही चालत नाही. उभे तुकडे दोन-अडीच फुटांवर आणि त्यांच्यामध्ये आडवा एक कप्पा, एवढे पुरते. तुकडा घेताना मडके घेतो तसा टिचकी मारून पाहावा. खणखणीत वाजला तर घ्यावा, बद्द वाजला तर आत चीर असते. दोन्ही अंगांनी गुळगुळीत केलेला घेतला तर पुसायला सोपा जातो आणि झुरळांना चिकटायला खडबडीत जागा राहत नाही. ओट्याच्या वरच्या बाजूला मात्र कडप्पा किंवा शहाबादी असेल तर लिंबू, चिंच, कैरी यांच्या आंबटाने पांढरे डाग पडतात, कारण दोन्ही चुनखडीचेच. नवीन ओटा करणारच असाल तर वर ग्रॅनाइट आणि आत कडप्पा ही जोडी चांगली.

कडप्प्याचे दोष सांगायला हवेत. तो जड असतो, म्हणून जुन्या लाकडी माडीवरच्या स्वयंपाकघरात तो घालू नये. जोरात घाव बसला तर तडकतो. दगडाला दाराची बिजागरी नीट धरत नाही, त्यासाठी पुढून अॅल्युमिनियमची किंवा लाकडाची चौकट बसवावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे, सरकते खण घालायचे असतील तर त्यांची मापे दगड कापण्यापूर्वी ठरवावीत. गवंडी अर्धा इंच चुकला की खण अडतो, आणि मग दगड घासत बसावे लागते.

सगळ्या कपाटाखाली चार इंच उंच सिमेंटची बैठक करून घ्यावी. तिच्यामुळे फरशी धुताना पाणी आत जात नाही. ही बैठक पुढच्या कडेपासून तीन-चार इंच आत घ्यावी, म्हणजे ओट्याला लागून उभे राहताना पायाची बोटे आत जातात आणि कंबर पुढे वाकत नाही. गवंडी ही खाच सांगितल्याशिवाय ठेवत नाही. दिवसभर तिथे तो उभा राहत नाही ना!

आता लाकडाच्या फळीबद्दल. भिंतीवरच्या कपाटाला दगड चालत नाही, तिथे प्लायवूड घ्यावे. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून प्लायवूड करतात. लाकूड ओलीने फुगते ते रुंदीत, लांबीत फारसे नाही. शेजारचा थर आडवा असल्यामुळे एक थर दुसऱ्याला आवरून धरतो. म्हणून चांगले प्लायवूड वाकत नाही. पण सगळे थरांच्या मधल्या चिकट द्रव्यावर अवलंबून. ओल असलेल्या जागेसाठी भारतीय मानक ७१० चे, म्हणजे मरीन प्रतीचे मागावे. नुसता मरीन शब्द कोणीही छापतो. आयएसआयची खूण, ७१० हा आकडा आणि त्याखाली परवाना क्रमांक, हे तिन्ही फळीवर छापलेले असले पाहिजे. तो क्रमांक खरा की खोटा हे आता मोबाइलवर मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये तपासता येते. घरातल्या शाळकरी पोराला सांगितले तर दुकानात उभ्या उभ्या पाहून देईल.

आणि आपली घरची चाचणी आहेच. बियाणे घेतले की आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. फळीचेही तसेच. दुकानदाराकडून तळहाताएवढा तुकडा मागून घ्यावा आणि जुन्या पातेल्यात पाणी घालून चुलीवर चार-पाच तास उकळावा. थर सुटले, फुगा आला, तर ती फळी आपली नव्हे. मानकाप्रमाणे मरीन फळीला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते, तेव्हा चांगल्या फळीला तुमच्या पातेल्यातले पाच तास काहीच नाहीत. तुकडा द्यायला जो कुरकुरतो त्याच्या मालाविषयी वेगळे काही विचारायची गरज राहत नाही.

पीव्हीसीची पोकळ फळी पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही आणि स्वस्त असते. पण शेगडीजवळच्या धगीने ती वाकडी होते, वजनाने बसते आणि स्क्रू फार दिवस धरत नाही. दार म्हणून चालेल, डाळींचे डबे ठेवायचा कप्पा म्हणून चालणार नाही. पत्र्याचे कपाट गावातला वेल्डर करून देतो. ते घेतले तर पाय जमिनीपासून वर ठेवावेत, नाहीतर गंज तळापासून चढतो.

काही घरी शेताच्या बांधावरचे लाकूड असते. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशा झाडांना हात लावण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ प्रमाणे परवानगी लागते, हे विसरू नये. आणि तोडले की लगेच सुताराच्या हवाली करू नये. ओले धान्य कोठीत भरले तर काय होते ते आपल्याला माहीत आहे. लाकडाचे तसेच. फळ्या कापून, दोन फळ्यांमध्ये चिपा घालून, सावलीत रचून ठेवाव्या लागतात, आणि एक इंच जाडीची फळी मोकळ्या हवेत नीट वाळायला वर्ष घेते. घाईत केलेले दार उन्हाळ्यात आखडते आणि फटी पाडते. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते म्हणून पुष्कळ वापरतात, पण त्यात भुंगा फार लवकर लागतो. कपाटाखाली पिठासारखा बारीक भुगा पडलेला दिसला की समजावे.

पण या बाईंच्या पत्रातली खरी मौल्यवान गोष्ट दुकानात नाही, त्यांच्या घरातच आहे, आणि ती सासूबाईंनी दाखवली आहे. वाड्याच्या जाड भिंतीतले ते फडताळ. जुन्या फडताळांची दारे बहुधा सागवानी असतात आणि त्या सागाला वाळायला पन्नास-साठ वर्षे मिळालेली असतात. असे लाकूड आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही. गावोगाव जुने सामान घेणारे फिरतात ते याचसाठी. जुनी दारे, चौकटी, तुळया किरकोळ भावात उचलतात, आणि तेच लाकूड शहरात रंधा मारून चांगल्या किमतीला विकले जाते. सागवान किलोवर देऊन भुशाची फळी घरी आणायची, असा व्यवहार आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. तेव्हा फडताळ मोडू नये. आतून गिलावा दुरुस्त करून चुना किंवा पांढरा रंग द्यावा, म्हणजे आत उजेड राहतो. तळाला आणि मध्ये कडप्प्याचे कप्पे घालावेत. दाराचे जुने थर खरवडून तेलपाणी करावे. घरात आणखी जुनी दारे पडून असतील तर सुताराला दाखवून त्यांची ओट्याखालची दारे होतात का ते पाहावे. सासूबाईंचे फडताळ राहते, सुनेला कपाट मिळते.

भिंतीवर कपाट टांगण्याआधी भिंत कसली आहे ते बघावे. पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत खिळा-स्क्रू वजन धरत नाही. डब्यांनी भरलेले कपाट पन्नास-साठ किलोंपर्यंत सहज जाते, आणि खाली माणूस उभे असते. अशा भिंतीला जमिनीवर उभे राहणारे कपाटच बरे. पक्क्या विटांच्या भिंतीवरही पावसाळ्यात ओल येते का ते पाहून, येत असल्यास कपाटाची पाठ भिंतीपासून बोटभर दूर ठेवावी. वरच्या कपाटाची खोली बारा-चौदा इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर डोके आपटते. ओट्यापासून त्याचे बूड वीस ते चोवीस इंच वर असावे. शेगडीच्या किंवा चुलीच्या अगदी वर कपाट करूच नये. ज्या घरात पाणी तापवायला अजून चूल पेटते, तिथे त्या बाजूची भिंत मोकळी सोडून खिडकी किंवा धुराडे मोठे करण्यावर पैसे घालावेत.

गॅसच्या टाकीची जागा बंद कपाटात करू नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. टाकी उभीच ठेवावी, शेगडीपेक्षा खाली ठेवावी, आणि त्या कप्प्याला दार लावायचेच असेल तर तळाशी मोठी जाळी ठेवावी. टाकीची उंची दोन फुटांहून थोडी जास्त, वर रेग्युलेटर, आणि भरलेली टाकी जवळजवळ तीस किलोची. म्हणून त्या कप्प्याला खाली बैठक करू नये, टाकी जमिनीवरून सरळ आत सरकली पाहिजे.

आता पैशाचा विषय. सरकते खण सोयीचे असतात, कारण मागची वस्तू काढायला पुढच्या दहा हलवाव्या लागत नाहीत. पण सगळीकडे खण केले तर अर्धे पैसे तिथेच संपतात. चमचे-झाऱ्यांचा एक, ताटे-वाट्यांचा एक, आणि जमले तर कांदे-बटाट्यांचा जाळीचा एक, असे तीन पुरेत. बाकी साधे कप्पे. या तीन खणांचे चॅनल आणि सगळ्या दारांच्या बिजागऱ्या मात्र चांगल्या प्रतीच्या घ्याव्यात. चॅनल किती किलो पेलते ते विचारून घ्यावे. स्टीलची जाळी चुंबक लावून पारखावी असे काही जण सांगतात. चुंबक चिकटले तर माल हलका हे बरेचदा खरे असते, पण चिकटले नाही म्हणजे उत्तमच, असे नाही. २०२ प्रतीचे स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि तरी ३०४ पेक्षा लवकर गंजते. बिलावर ३०४ लिहून घ्यावे.

भाव तालुक्यागणिक बदलतात, म्हणून दराचे आकडे येथे देत नाही. पण हिशेब कसा मांडायचा ते सांगतो. दहा फूट लांब ओट्याखाली अडीच फूट उंचीची दारे म्हणजे पंचवीस चौरस फूट. काही जण दर चौरस फुटाचा सांगतात, काही जण ओट्याच्या लांबीचा, म्हणजे रनिंग फुटाचा. दोन्ही आकडे एका मापात आणल्याशिवाय तुलना करू नये. दरात आतले कप्पे, पाठ, बिजागऱ्या, वाहतूक, बसवणावळ आणि कर धरले आहेत का ते विचारून कागदावर घ्यावे. तीन ठिकाणचे भाव घ्यावेत आणि बिल पक्के घ्यावे.

या बाईंच्या एक लाखाची आम्ही केलेली ढोबळ वाटणी अशी : चाळीस हजार दगड, गवंडी, सिंक आणि पाण्याचा निचरा यांना. पंधरा हजार खण आणि बिजागऱ्यांना. पंचवीस हजार दारांना. दहा हजार फडताळाच्या दुरुस्तीला आणि भिंतीवरच्या एका छोट्या कपाटाला. उरलेले दहा हजार हाताशी ठेवावेत, कारण भिंत उकरली की आत काय निघेल हे सांगता येत नाही. पैसे कमी पडले तर दारे पुढच्या वर्षी करावीत. सांगाडा पक्का असला तर वर्षभर कापडी पडदा लावून काम निभावते. सांगाडा कच्चा आणि दार भारी असे झाले तर दोन वर्षांत दोन्ही जाते. आणि कपाटासाठी पीककर्जातले पैसे वळवू नयेत. हप्त्यावर मिळते म्हणून मोठा संच घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

काम दिवाळीनंतर ते वैशाखापर्यंत काढावे. उन्हाळ्यात बसवलेली लाकडी दारे पावसाळ्यात थोडी फुगतात, तेव्हा सुताराला दोन दारांमध्ये नाणे जाईल एवढी फट ठेवायला सांगावे. कपाटाच्या मागे आणि पाइपाच्या भोवती मात्र फट नको. शिसपेन्सिल जाईल एवढे भोक उंदराच्या पिलाला पुरते. तिथे सिमेंट भरून घ्यावे. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर काम सुरू होण्यापूर्वीच या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडून बंदोबस्त करावा. शेतात वापरतो तेच औषध पंपाने स्वयंपाकघरात मारू नये.

आणि औषधांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. नवीन कपाट झाले, वरचा कप्पा रिकामा दिसला, मुलांचा हात पोचत नाही, की फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली आणि धान्यात टाकायच्या गोळ्या तिथे जाऊन बसतात. असे आम्ही चांगल्या शिकलेल्या घरांतही पाहतो. त्या गोळ्यांना हवेतली ओल लागली की विषारी वायू सुटतो, आणि स्वयंपाकघरात वाफ तर दिवसभर असते. या वस्तूंना स्वयंपाकघरातच काय, राहत्या घरातही जागा नाही. गवंडी आणि दगड घरी आलेलेच आहेत, तर उरलेल्या कडप्प्याच्या तुकड्यांतून घराबाहेर, पंप ठेवतो त्या छपराखाली, हात-दीड हात लांबी-रुंदीचे एक छोटे कपाट करून घ्यावे. पुढे पत्र्याचे दार, वरच्या अंगाला वारा जायला जाळी, आणि कुलूप. बाटल्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात आणि रिकाम्या झाल्या तरी घरात आणू नयेत. किल्ली घरातल्या एका मोठ्या माणसाच्या करगोट्याला असावी, दाराजवळच्या खुंटीवर नको.